मेंदूत जंतू शिरले की शरीर काय करतं? लॅबच्या खिडकीवर विचारले गेलेले प्रश्न

सोलापुरात सिव्हिलच्या आसपासच्या लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली. काम साधं. आलेली नळी घ्यायची, पेशी मोजायच्या, काचपट्टी रंगवायची, आकडे लिहून द्यायचे. पण नळीत रक्ताऐवजी पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं तेच पाणी, असलं की मागोमाग कुणीतरी खिडकीशी येऊन उभं राहतं. डॉक्टरांना विचारायला धजत नाहीत ते मला विचारतात. "अण्णा, डोक्यात ताप गेलाय म्हणतेत, म्हणजे काय झालंय बगा की." त्या घाईत दिलेली उत्तरं अर्धवटच असायची. ती इथं सवडीनं लिहिली आहेत.

आधी एक सांगतो. घरात कुणाला ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, आखडलेली मान, ग्लानी, बरळणं किंवा फिट यांतलं काही एकत्र दिसत असेल, तर हे पान मिटवा आणि १०८ ला फोन करा. वाचायला नंतर वेळ मिळेल.

"डोक्यात ताप गेला" म्हणजे नेमकं काय?

ताप कुठं जात नाही. जातात ते जंतू. आपल्याकडे "मेंदूज्वर" या एका शब्दात तीन वेगळे आजार कोंबले जातात. मेंदूभोवतीच्या आवरणांना आणि त्यांच्यामधल्या पाण्याला जंतुसंसर्ग झाला तर तो मेनिंजायटिस. खुद्द मेंदूच्या गाभ्याला सूज आली तर एन्सेफलायटिस, आणि तो बहुतेकदा विषाणूंमुळे होतो. मेंदूत एका जागी पू साठला तर ते गळू. या पानावर मुख्यतः पहिल्याबद्दल आणि थोडं तिसऱ्याबद्दल लिहिलंय, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या आजारांबद्दल.

सोलापूरकरांसाठी एक जास्तीची अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असतो, आणि तापलेला, बरळणारा माणूस दिसला की घरचे म्हणतात "ऊन लागलंय". कांदा लावतात, पन्हं पाजतात, संध्याकाळपर्यंत वाट बघतात. उष्माघातही जीवघेणाच आहे, आणि दोन्ही आजार सुरुवातीला एकमेकांसारखे दिसू शकतात. दोन्हींत घरी थांबायचं नाही, एवढं एकच उत्तर दोघांना लागू पडतं.

उपजत प्रतिकारशक्ती म्हणजे कोणती? लस घेतल्यावर येते ती?

नाही, ती कमावलेली. एखादा जंतू एकदा बघून, ओळखून, त्याच्याच मापाच्या अँटिबॉडी (जंतूला चिकटणारी प्रथिनं) बनवायला शरीराला काही दिवस लागतात. उपजत प्रतिकारशक्तीला असं शिकावं लागत नाही. ती जन्मतःच असते आणि मिनिटांत, तासांत कामाला लागते. मेंदूज्वरात रोग्याचं भवितव्य ठरतं ते पहिल्या एक-दोन दिवसांत. म्हणून इथं सगळी गोष्ट तिचीच आहे.

तिचा शोध मजेशीर आहे. १८८२ साली इटलीतल्या मेसिना शहरात मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातला होता. या भक्षक पेशी. १९०८ साली त्याला या कामासाठी नोबेल मिळालं.

पण पेशीला कळतं कसं की समोरचा परका आहे? हे कोडं पुढं शंभरेक वर्षं तसंच राहिलं. १९८९ साली चार्ल्स जेनवेनं एक तर्क मांडला की आपल्या पेशींवर ठराविक "नमुने" ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) असले पाहिजेत. जिवाणूच्या भिंतीत असे काही रेणू असतात जे माणसाच्या अंगात कुठंच नसतात, आणि जिवाणूला ते टाकूनही देता येत नाहीत. ते दिसले की गजर. १९९६ साली ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं फळमाशीत आणि १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं उंदरांत हे खरं करून दाखवलं. या ग्राहकांचं नाव टोल. २०११ च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता.

मेंदू तर कवटीत बंद असतो. जंतू तिथं पोचतातच कसे?

बहुतेकदा नाकातून. न्यूमोकोकस नावाचा जिवाणू कित्येक लहान मुलांच्या नाका-घशात काहीही त्रास न देता राहत असतो. बहुतेक वेळा तो तिथंच राहतो. एखाद्या वेळी रक्तात उतरतो, आणि रक्तातून मेंदूच्या उंबऱ्याशी येतो.

या उंबऱ्यावर रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर असतो. १८८५ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू मात्र पांढराच राहिला. इतर अवयवांतल्या केशवाहिन्यांच्या भिंती जरा विरळ विणीच्या असतात. मेंदूतल्या भिंतीची वीण आपल्या चादरीसारखी घट्ट, दोन पेशींमध्ये सुईलाही वाव नाही. तरीही काही जिवाणूंकडे युक्त्या आहेत. न्यूमोकोकस त्या भिंतीवरच्या काही ग्राहकांना धरून पेशीच्या आरपार जातो. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर भक्षक पेशीच्या पोटात बसूनही आत येऊ शकतो. चोरानं पोलिसाच्याच गाडीतून यावं तसं.

दुसरी वाट कानाची. जुनाट वाहणारा कान, सडलेली दाढ, सायनस, डोक्याला मार लागून कवटीला गेलेली चीर. इथून जंतू शेजारच्या भिंतीतून थेट आत शिरतात. कानाबद्दल पुढं बोलायचंच आहे.

आत शिरल्यावर सगळ्यात आधी कुणाला पत्ता लागतो?

आवरणांमध्ये कायम मुक्कामाला असलेल्या भक्षक पेशींना, म्हणजे मॅक्रोफेजना. आणि मेंदूच्या आत मायक्रोग्लियांना. मायक्रोग्लियांची वेगळी ओळख स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली पटवली. या पेशी गर्भ अगदी कोवळा असताना, पीतक-पिशवीत तयार होऊन मेंदूत येतात आणि जन्मभर तिथंच राहतात. एरवी त्यांचं काम शांतपणे चालू असतं. बारीक फांद्या हलवत आपला परिसर चाचपायचा, मेलेल्या पेशी उचलायच्या, चेतापेशींमधले न लागणारे जोड छाटायचे.

जिवाणूच्या भिंतीचे तुकडे टोल ग्राहकांना लागले की चित्र बदलतं. दोन नंबरचा टोल न्यूमोकोकससारख्यांच्या भिंतीतले घटक ओळखतो, चार नंबरचा ई-कोलाय किंवा मेनिंगोकोकस या जिवाणूंचं विष, नऊ नंबरचा जिवाणूचा डीएनए. पेशीच्या आत संदेश जातो आणि ती टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडू लागते. ही आरोळी आहे. तिच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती चिकट होतात, वीण सैल पडते, आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या भक्षक पेशी हजारांनी आत उतरतात. ताप, भूक जाणं, मरगळ हेही याच रसायनांचं काम.

न्यूट्रोफिल तयार ठेवायला शरीराला कष्ट पडत नाहीत. अस्थिमज्जा दिवसाला सुमारे दहा हजार कोटी बनवते. २०१८ साली आणखी एक गोष्ट कळली. कवटीच्या हाडातल्या मज्जेपासून मेंदूच्या आवरणापर्यंत थेट बारीक वाटा आहेत. म्हणजे काही कुमक लांबच्या हाडांतून रक्तामार्गे न येता डोक्याच्या वरच्या मजल्यावरूनच खाली उतरते. आमच्या पुस्तकांत हे नव्हतं.

एवढी फौज असताना जंतू लगेच मरत का नाहीत?

सोलापुरातच बसतं असं उदाहरण देतो. नुसती कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, शेंगाचटणी लागते. भक्षक पेशींचंही तसंच आहे. न्यूमोकोकसच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं बुळबुळीत कवच असतं, ते पेशीच्या तोंडात धरत नाही. त्यावर आधी अँटिबॉडीचा किंवा कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांचा थर चढावा लागतो, मग ती पेशी त्याला गटकन गिळते. हे मी रचून सांगत नाही. या थराला वैद्यकात ऑप्सोनिन म्हणतात, आणि १९०३ साली हे नाव देताना ज्या ग्रीक शब्दाचा आधार घेतला त्याचा अर्थच मुळी "भाकरीबरोबरचं तोंडीलावणं" असा आहे.

रक्तात हे तोंडीलावणं मुबलक असतं. मेंदूभोवतीच्या पाण्यात जवळजवळ नसतंच, कारण ज्या घट्ट विणीनं जंतूंना अडवायचं तीच कॉम्प्लिमेंट आणि अँटिबॉडीलाही अडवते. मोठ्या माणसात हे पाणी दीडशे मिलिलिटर, चहाच्या दीड कपाएवढं. त्यात साखर आहे, ऊब आहे, पहारा कमी. एकदा आत शिरलेला जिवाणू तिथं भराभर वाढतो. न्यूट्रोफिल येतात तोवर बराच उशीर झालेला असतो, आणि आल्यावरही चटणीवाचून त्यांचं फारसं चालत नाही.

म्हणून बाहेरून अँटिबायोटिक द्यावंच लागतं, शिरेतून, मोठ्या मात्रेत. उपजत प्रतिकारशक्ती एकटीच्या बळावर जिवाणूंचा मेंदूज्वर बहुधा बरा करू शकत नाही. अँटिबायोटिक येण्याआधीच्या काळात न्यूमोकोकसचा मेनिंजायटिस झालेला जवळजवळ प्रत्येक रोगी दगावायचा.

रिपोर्टमध्ये "पाणी गढूळ" लिहिलंय. आकडे कसे वाचायचे?

हा माझा प्रांत, म्हणून जरा लांबण लागेल.

निरोगी माणसाच्या पाठीतलं पाणी नळीत घेतलं तर त्यापलीकडं वर्तमानपत्र वाचता येतं. एका घन मिलिमीटरमध्ये पाचपर्यंत पेशी, त्याही लिम्फोसाइट, म्हणजे वेगळ्या जातीच्या पांढऱ्या पेशी. जिवाणूंच्या मेंदूज्वरात तेच पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसतं. हा गढूळपणा मुख्यतः जंतूंचा नसतो, तुमच्याच पांढऱ्या पेशींचा असतो. शेकडो, बहुतेकदा हजारो, आणि त्यांत न्यूट्रोफिलचा भरणा. जंतू दिसावेत म्हणून ग्रॅमचा रंग दिला की भेंडीच्या काप्यासारखं खंडाखंडांचं केंद्रक असलेल्या गुलाबी पेशी आणि त्यांच्या मध्ये कुठंतरी जांभळे, टोकदार, जोडीजोडीनं बसलेले न्यूमोकोकस. एखाद-दुसरा पेशीच्या पोटातही दिसतो. मेचनिकॉफनं पाहिलं तेच, फक्त इथं ते कुणाच्या तरी पोराच्या डोक्यातून आलेलं असतं.

साखर घटते. रक्तातल्या साखरेच्या साधारण साठ टक्के या पाण्यात असायला हवी, ती चाळीस टक्क्यांच्या खाली येते. "जंतूंनी साखर खाल्ली" असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. खरं तर जंतूंचा वाटा लहान. आलेल्या न्यूट्रोफिल आणि त्रासलेला मेंदू ती भराभर जाळतात, आणि रक्तातून साखर आत आणणारी यंत्रणाही बिघडलेली असते. रक्तातली साखर त्याच वेळी तपासायला सांगतात ती याचसाठी. रक्तात ३०० असलेल्या मधुमेही माणसाच्या पाण्यात ८० आली, तर आकडा चांगला दिसतो पण अर्थ वाईट असतो.

प्रथिनं वाढतात, कारण सैल झालेल्या विणीतून ती झिरपतात.

आणि एक तक्रार. नमुना तासाभरात लॅबला पोचायला हवा, कारण नळीतल्या न्यूट्रोफिल फुटू लागतात. एका खासगी दवाखान्यातून एकदा दुपारी काढलेली नळी रात्री आली, वॉर्डबॉयच्या खिशातून. मी मोजल्या त्या पेशी खऱ्या आकड्याच्या किती कमी होत्या हे कुणाला कधीच कळणार नाही. नळी हातात दिली तर ती घेऊन थेट पळा. चहा नंतर.

पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो का?

नाही. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये जाते. १८९१ पासून हे चालू आहे. डोकं दुखू शकतं, दोन-चार दिवसांत थांबतं. लुळेपणा दिसलेले रोगी असतात, पण तो आजारानं आलेला असतो, आणि बऱ्याचदा सुईला नकार देण्यात गेलेल्या वेळामुळे. मेंदूवर दाब फार वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी सीटी स्कॅन करतात. पण त्यासाठी अँटिबायोटिक थांबवून ठेवत नाहीत.

नुकसान जंतू करतात की आपलंच शरीर?

दोघंही. पण शरीराचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच मोठा आहे, आणि हे पान लिहायचं खरं कारण हेच.

पाठ्यपुस्तकात पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणतात. मला ते पटत नाही, सैनिकाला निदान नेम असतो. एमआयडीसीत सुताच्या गोदामाला आग लागलेली पाहिली असेल. बंब येतो, आग विझते. दुसऱ्या दिवशी मालक आत जातो तेव्हा जळालेलं सूत एका कोपऱ्यात, आणि बाकीचं सगळं भिजून, काजळून वाया गेलेलं. न्यूट्रोफिल तशा. त्या आम्लासारखी जळजळीत रसायनं सोडतात, प्रथिनं कापणारी विकरं सोडतात, मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा पसरतात. कातडीवरच्या गळवात हे चालतं. चार पेशी जास्त मेल्या तर नवी कातडी येते. मेंदूच्या पेशी पुन्हा येत नाहीत.

आणि हे गोदाम असं की पाणी जायला मोरीच नाही. कवटी हाडाची, ताणत नाही. वाहिन्यांतून पाणी झिरपतं, सूज येते, पाण्याचा निचरा पुवानं तुंबतो, दाब चढतो. दाब चढला की रक्त वर पोचत नाही. आवरणांतून जाणाऱ्या धमन्यांच्या भिंतीही सुजतात, काही बंद होतात, आणि वीस वर्षांच्या मुलाला म्हाताऱ्या माणसासारखा पक्षाघात होतो. आतल्या कानाचं पाणी मेंदूच्या पाण्याशी जोडलेलं असल्यानं सूज तिथंही पोचते आणि ऐकू येणं जातं.

जंतूंना निर्दोष सोडायचं नाही. न्यूमोकोकस न्यूमोलायसिन नावाचं विष बनवतो, ते पेशींच्या पडद्याला सरळ भोकं पाडतं. पण आग आणि बंब यांतला हिशेब डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय पुढचं उत्तर समजणार नाही.

स्टिरॉइडनं प्रतिकारशक्ती कमी होते ना? मग मेंदूज्वरात ते का देतात?

कमी करायलाच देतात. अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला की जिवाणू फुटतात आणि त्यांच्या भिंतींचे तुकडे एकदम पाण्यात पसरतात. मेलेला जंतू शांत नसतो, त्याचा प्रत्येक तुकडा टोल ग्राहकांना गजरच वाटतो. म्हणजे योग्य औषध दिल्यानंतरच्या काही तासांत भडका वाढू शकतो. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड त्या भडक्यावर पाणी टाकतं. म्हणून ते अँटिबायोटिकच्या थोडं आधी किंवा बरोबरच द्यायचं असतं. भडका उडून गेल्यावर त्याचा उपयोग उरत नाही.

२००२ साली युरोपातल्या ३०१ प्रौढ रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेक्सामेथासोन मिळालेल्यांत ७ टक्के दगावले, न मिळालेल्यांत १५ टक्के. सगळ्यात जास्त फायदा न्यूमोकोकसच्या रोग्यांना झाला. पण हे सगळीकडे चालतं असंही नाही. आफ्रिकेत मलावीमध्ये मुलांत आणि मोठ्यांत केलेल्या अभ्यासांत फायदा दिसला नाही. तिथले रोगी उशिरा येत होते आणि प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण फार होतं. डॉक्टर रोगी बघून ठरवतात. औषधाच्या दुकानातून आणून घरी द्यायची ही गोष्ट नव्हे.

मग इम्युनिटी वाढवणारा काढा, गोळ्या द्याव्यात का?

नको. वरची दोन उत्तरं पुन्हा वाचा.

टीबीचा मेंदूज्वर वेगळा असतो का?

फार. आणि आपल्या भागात तो लक्षात ठेवायलाच हवा. जगातल्या टीबीच्या रोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका खोलीत जिथं माग, चूल आणि सहा माणसं असतात, तिथं एकाच्या खोकल्याची हवा सगळ्यांच्या वाट्याला येते.

न्यूमोकोकस भक्षक पेशींना टाळतो. टीबीचा जंतू उलट त्यांच्यातच घर करतो. मॅक्रोफेज त्याला गिळते, पण पचवू शकत नाही. मेंदूत मायक्रोग्लियांचंही तेच होतं. मग शरीर नाइलाजानं त्याच्याभोवती पेशींचं कडं बांधून त्याला कोंडून ठेवतं. कधी महिने, कधी वर्षं. अमेरिकेतल्या रिच आणि मॅकॉर्डक यांनी १९३३ साली दाखवलं की असं एक छोटं कडं मेंदूच्या पृष्ठभागालगत असतं, ते फुटून पाण्यात मोकळं झालं की मेंदूज्वर सुरू होतो.

म्हणून सुरुवात हळू असते. दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, चिडचिड, अन्नावरची वासना गेलेली. पोरगं अभ्यासात लक्ष देत नाही म्हणून मार खातं. मग एक दिवस डोळा तिरळा होतो किंवा फिट येते. पाण्यात इथं लिम्फोसाइट जास्त, साखर कमी, प्रथिनं भरपूर. सुरुवातीला न्यूट्रोफिलही असू शकतात, त्यावरून फसायला होतं. जुने तंत्रज्ञ नळी रात्रभर तशीच ठेवायचे, आणि सकाळी पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक साय धरलेली दिसायची. आता जनुक तपासणारी यंत्रं आली, काही तासांत उत्तर मिळतं. मात्र यंत्रानं "नाही" म्हटलं तरी टीबी नाहीच असं धरत नाहीत, कारण पाण्यात जंतू फार थोडे असतात.

पू घट्ट असतो आणि मेंदूच्या तळाशी साठतो. तिथूनच नसा आणि धमन्या जातात, तिथंच पाण्याच्या वाटा. म्हणून तिरळेपणा, पक्षाघात, डोक्यात पाणी साठणं. इथंही स्टिरॉइड देतात, आठवडेच्या आठवडे, हळूहळू कमी करत. २००४ साली व्हिएतनाममधल्या अभ्यासात त्यानं मृत्यू कमी झाले. टीबीची औषधं नऊ ते बारा महिने. सरकारी कार्यक्रमात ती फुकट मिळतात, आणि पोषणासाठी महिना हजार रुपये खात्यावर येतात. चौथ्या महिन्यात "आता बरा आहे" म्हणून गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिलेत. त्यांची दुसरी नळीही पाहिली आहे.

कान वाहतो, त्याचा मेंदूशी काय संबंध?

कानाच्या आतलं हाड काही ठिकाणी कागदासारखं पातळ आहे आणि त्याच्यापलीकडं मेंदू. वर्षानुवर्षं वाहणारा, घाण वास येणारा कान ते हाड पोखरतो आणि शेजारच्या भागात, कानशिलामागच्या मेंदूत किंवा लहान मेंदूत, गळू धरतं.

गळवात शरीराची कारागिरी बघण्यासारखी असते. पहिले तीन-चार दिवस नुसती पसरलेली सूज. मग मधोमध पू, आणि दोन आठवड्यांच्या आसपास त्याभोवती घट्ट भिंत. आतून न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज, बाहेरून मेंदूच्या ॲस्ट्रोसाइट पेशींचं कडं. ही भिंत उपकारक आहे, तिच्यामुळे पू उरलेल्या मेंदूत पसरत नाही. तोटा एवढाच की औषधही आत नीट शिरत नाही, म्हणून बऱ्याचदा न्यूरोसर्जनला पू काढावा लागतो. ताप दर वेळी असतोच असं नाही. डोकेदुखी, उलटी, एका बाजूचा हात जड, फिट, आणि विचारल्यावर कळतं की कान लहानपणापासून वाहतोय.

कोमट तेल, लसणाची फोडणी, चौकात कान कोरणाऱ्याची सळई, यांतलं काहीही वाहत्या कानात घालू नका.

तान्ह्या बाळात मान आखडलेली दिसत नाही. मग ओळखायचं कसं?

नवजात बाळाची उपजत प्रतिकारशक्तीच कच्ची असते. कॉम्प्लिमेंट कमी, न्यूट्रोफिलचा साठा लवकर संपणारा. त्यामुळे गजर जोरात वाजत नाही. ताप नसेलही, अंग उलट गार पडेल. दूध न ओढणं, सतत झोपणं, उचलून घेतल्यावर जास्त रडणं, किरकिरा उंच आवाज, आणि फुगलेली टाळू. शेवटची गोष्ट बहुतेक वेळा आजीच्या लक्षात येते, कारण रोज टाळू भरणारा हात तिचा. "आज टाळू वर आलीय" असं आजी म्हणाली तर तिचं ऐका.

म्हाताऱ्यांत आणि मधुमेहींतही लक्षणं अशीच दबलेली. नुसता गोंधळ, नुसती झोप. "वयानं होतंय" म्हणून दिवस जातो.

डोकं इतकं का दुखतं?

आवरणांमध्ये वेदनेच्या नसांचं जाळं आहे (खुद्द मेंदूला वेदना कळत नाही). २०२३ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात एक विचित्र गोष्ट दिसली. जिवाणू या नसांना मुद्दाम चेतवतात, नसा सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात, आणि त्यानं आवरणांतल्या मॅक्रोफेज सुस्तावतात. म्हणजे दुखणं हा नुसता इशारा नाही, जंतू त्याचा आडोसाही करतात. माणसात हे कितपत लागू होतं ते ठरायचंय. सीजीआरपी अडवणारी औषधं अर्धशिशीसाठी आधीच वापरात आहेत, म्हणून या शोधाकडं बऱ्याच जणांचं लक्ष आहे.

लस आहे का?

आहे, आणि बरीचशी फुकट. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिब या जंतूची लस असते. न्यूमोकोकसची पीसीव्ही दीड आणि साडेतीन महिन्यांना, मग नऊ महिन्यांना. ती आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. जन्मल्यावरची बीसीजी मोठेपणीचा फुप्फुसाचा टीबी फारसा अडवत नाही, पण लहान मुलांतला टीबीचा मेंदूज्वर अडवण्यात तिचा उपयोग पक्का आहे. हजला जाणाऱ्यांना मेनिंगोकोकसची लस सक्तीची असते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी.

लस काय करते ते आता तुम्हाला सांगावं लागू नये. चटणी आधीच वाटून ठेवते. जंतू रक्तात असतानाच गिळला जातो, उंबऱ्यापर्यंत पोचतच नाही.

घरातल्या बाकीच्यांना लागेल का?

कुठला जंतू आहे त्यावर. मेनिंगोकोकस निघाला तर एका घरात राहणाऱ्यांना प्रतिबंधक अँटिबायोटिक लगेच देतात. न्यूमोकोकसला सहसा तशी गरज नसते. टीबी निघाला तर घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी करून घ्या, खोकणाऱ्या आजोबांपासून सुरुवात करा.

बरा होऊन घरी आला. आता काय बघायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे जिवाणूंच्या मेनिंजायटिसमध्ये सहातला एक रोगी दगावतो आणि पाचातल्या एकाला गंभीर व्यंग राहतं. फिट्स, अडखळतं चालणं, विसरणं. जंतू गेल्यावरही मायक्रोग्लिया काही काळ चवताळलेल्याच राहतात, त्यामुळे थकवा आणि चिडचिड महिनोन्‌महिने टिकू शकते. शाळेत बाईंना आधी सांगून ठेवा.

सगळ्यात तातडीची गोष्ट ऐकण्याची तपासणी. घरी येण्याआधी, नाहीतर घरी आल्यावर चार आठवड्यांच्या आत. मूल टाळी वाजवल्यावर वळून बघतं एवढ्यावर विसंबू नका, ते हात हललेलाही बघतं. उशीर चालत नाही, कारण सुजून गेलेल्या आतल्या कानात काही आठवड्यांतच हाड भरू लागतं, आणि एकदा ते भरलं की कॉक्लियर इम्प्लांटची (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायच्या यंत्राची) तार आत सरकवणं अवघड होऊन बसतं. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेलं नसेल तर वॉर्डातून निघायच्या आधी विचारा.